पाहुण्यांची ग्रेव्ही

टर्की क्रीक,
ऑगस्टमधला शेवटचा बुधवार

प्रिय ओडील,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मंगळवारी आलं. रस्त्यावरच्या टपालाच्या डब्यापाशी उभी राहूनच वाचलं, ॲप्रनच्या खिशात घातलं, आणि तेव्हापासून रोज एकदा काढून वाचते. तू एकच गोष्ट विचारली आहेस. 'डॉइल लिहितो की ममा बदलली, मुलाला घेऊन घरी ये. डॉइलवर माझा विश्वास नाही, तुझ्यावर आहे. तू हो म्हणालीस तर हॉस्पिटलच्या धोबीखान्यातली नोकरी सोडते, खोली सोडते आणि एमीलला घेऊन येते. नको म्हणालीस तर पुन्हा हा विषय काढणार नाही.' आणि सहीच्या खाली, आठवण झाल्यासारखी आणखी एक ओळ: 'आले तर या वेळी ग्रेव्हीत मीठ किती घालायचं ते मला नीट शिकव.' त्या ओळीपाशी मी दर वेळी अडते.

मिठाचं काही चुकलं नव्हतं, ओडील. मीठ बेताचं होतं. चार वर्षं तू त्या मिठाचा विचार करत असशील हे मला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे ठाऊक असायला हवं होतं. म्हणून आज सगळं सांगते, आणि क्रमाने सांगते, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने सांगायला मला कुणी शिकवलेलं नाही.

मला अक्षरं ममाने शिकवली. शाळेत मी गेले नवव्या वर्षी. त्याआधी आमची शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर. बिस्किटं कापून भट्टीत गेली की टेबलावर पीठ उरायचं, त्यात बोटाने अक्षर काढायचं. चुकलं की लाकडी चमच्याचा दांडा बोटांच्या पेरांवर बसायचा. पहिलं पूर्ण वाक्य मी त्या पिठात लिहिलं ते 'ठाऊक असलेलं खरं दडवणं हीसुद्धा चोरीच.' ते मी एकवीस वेळा लिहिलं, कारण विसाव्या वेळी माझा एक शब्द वाकडा आला होता. ग्रेव्हीही मी त्याच टेबलापाशी, त्याच चमच्याच्या धाकात शिकले. सॉसेज तळून झालं की बिडाच्या तव्यात सुटलेली चरबी, तेवढ्यालाच तेवढं पीठ, पिठाला भाजल्याचा वास येईपर्यंतच परतायचं, मग दूध एका धारेने, हात एक क्षण थांबू न देता, शेवटी मीठ आणि भरपूर मिरी. पांढरी, घट्टसर, चमच्यावरून सावकाश घसरेल अशी. पावासारखी फुगलेली बिस्किटं फोडायची, वाफ जाऊ द्यायची आणि वरून ओतायची. गाठ राहिली तर ममा ती काट्याने वेचून बशीत काढून ठेवायची आणि दुपारी माझ्यापुढे ती बशी यायची. 'तुझ्या गाठी, तूच खा.' मी अकरा वर्षांची झाले तोवर माझ्या ग्रेव्हीत गाठ राहीनाशी झाली. कौतुक कुणी केलं नाही. बशी यायची थांबली, एवढंच.

तू आलीस ती नोव्हेंबरात. भाऊ माझा, डॉइल, लष्करातून सुटला आणि तुमच्या लुईझियानातून तुलाच बायको करून घेऊन आला. तुझ्या गळ्यातली कॅथलिकांची जपमाळ ममाने दारातच पाहिली. तू हात धुवायला मागे गेलीस तेव्हा ती डॉइलला म्हणाली, 'आपल्या डोंगरात मुली संपल्या होत्या का रे, म्हणून दलदलीतली बेडकी उचलून आणलीस?' डॉइल हसला. म्हणाला, 'ममा, हळू, ऐकेल ती.' ममा म्हणाली, 'ऐकू दे की. बेडकांना कान असतात का, ते तरी कळेल.' मी तिथेच उभी होते. मलाही हसू आलं, ते मी दाबलं. पण आलं होतं, हे सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ममा मला म्हणाली, 'आजपासून दोन तवे ठेव. एकात दूध, एकात पाणी.' मी विचारलं नाही पाणी कुणासाठी. आमच्याकडे कुणी विचारत नाही. दुष्काळाच्या वर्षांत सगळ्या खोऱ्याने पाण्याची ग्रेव्ही खाल्ली, त्यात लाज नव्हती. पण गाय दुभती असताना एखाद्याच्या पुढ्यात पाण्याची ग्रेव्ही ठेवली, तर त्याचा अर्थ एकच: ऊठ आणि चालता हो. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. आजोबांनी अशीच एका मेहुण्याची बोळवण केली होती, आणि थोरल्या आत्याला मागणी घालायला आलेल्या एका माणसाचीही. शहाणा माणूस पहिल्याच ताटावर ओळखतो, मठ्ठ असला तर तिसऱ्या दिवशी. इथलं चार वर्षांचं पोरही ओळखेल. पण तुमच्याकडे ग्रेव्ही भातावर घेतात, आणि ती पाण्याचीच असते, हे आमच्यापैकी कुणाला माहीत होतं?

तू पहिला घास घेतलास आणि म्हणालीस, 'किती हलकी झालीय! माझ्या आईच्या हातची आठवण आली.' ममा अगदी गोड आवाजात म्हणाली, 'आवडली ना? मग रोज मिळेल.' डॉइल कॉफीत खोकला. तो खोकला नव्हता, ओडील. डॉइलला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझ्यासमोर बसून तो पांढरी ग्रेव्ही खायचा आणि तुझ्या ताटात करडी असायची. तू त्याला विचारायचीस, 'तू का नाही घेत माझ्यातली?' तो म्हणायचा, 'मला नाही पचत बाई एवढं भारी खाणं.' नंतर गोठ्यामागे उभा राहून हसायचा. कधीकधी हसायचाही नाही, नुसता सिगरेट ओढत बसायचा. पण दोन्ही वेळा तो गोठ्यामागेच असायचा, टेबलापाशी नाही.

फेब्रुवारीत तुला दिवस राहिल्याचं नक्की झालं. डॉक्टर म्हणाले, हिला दूध द्या, अंगात काही नाही हिच्या. ममाने मान डोलवली. घरी आल्यावर मला म्हणाली, 'आमच्या गाईचं दूध प्रुइट घराण्यासाठी आहे.' मी म्हणाले, पोटात आहे ते प्रुइटच ना. आयुष्यात मी ममाला दिलेलं ते पहिलं उलट उत्तर. ती म्हणाली, 'बाहेर आलं की बघू कुणाचं तोंड घेऊन येतंय ते.' मी पुन्हा तवे ठेवले. एक दूध, एक पाणी. ममा कधी चुलीपाशी उभीसुद्धा राहिली नाही. तुझी ग्रेव्ही रोज मी केली. त्यात कधी गाठ राहू दिली नाही, हे सांगावंसं वाटतं आणि सांगायची लाजही वाटते.

मग तू मला विचारलंस. मार्च असेल. मी भांडी घासत होते, तू पुसत होतीस. 'आर्लिटा, माझी ग्रेव्ही वेगळी का गं असते?' मी सोळा वर्षांची होते. खरं सांगितलं तर तू रडशील आणि ममाला कळेल, ही एक भीती. खोटं बोलले तर पाप, ही दुसरी. पहिली भीती जवळ होती. मी म्हणाले, 'ती पाहुण्यांची ग्रेव्ही असते. मानाची. घरच्यांना साधी दुधाची, आणि ज्याचा मान ठेवायचा त्याला ही.' तू हातातलं भांडं खाली ठेवलंस. 'आणि मी वेडी, मला वाटत होतं ममाला मी आवडत नाही.' तू माझे साबणाचे हात धरलेस आणि दोन्हींना ओठ लावलेस. मला दिवसभर चैन पडली नाही. खोटं बोलल्याचा डंख मला सहन होत नाही, तुला माहीत आहे. संध्याकाळ व्हायच्या आत मी जाऊन कबूल केलं. ममाकडे. खोटं बोलले तुझ्याशी, आणि कबुली दिली तिच्याकडे; त्या वेळी मला हे बरोबरच वाटलं होतं. ममा इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. पपा गेल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाली, 'राहू दे ते तसंच. फळ धरेल.' आणि मग चमचा उचलून, मारला नाही, नुसता दाखवून: 'आणि तू मध्ये पडायचं नाहीस.'

फळ मे महिन्यात धरलं, कबरींच्या रविवारी. लांबून लांबून लोक आपापल्या माणसांच्या कबरी साफ करायला येतात, आणि सकाळची न्याहारी चर्चच्या आवारात आमच्या खोऱ्यातल्या बायका करतात, हे तू पहिल्यांदाच पाहत होतीस. ममाने आधीच जाहीर करून टाकलं होतं, 'मधल्या, मानाच्या टेबलाची ग्रेव्ही यंदा आमच्या सूनबाई करणार.' बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. कॅथलिक मुलीला एवढा मान! तुला रात्रभर झोप आली नाही म्हणालीस. पहाटे दोन चुलाणांवर दोन मोठे तवे ठेवलेस. बाकीच्या टेबलांसाठी दुधाची केलीस, छान केलीस. मधल्या टेबलासाठी मात्र दूध बाजूला सारलंस आणि बादलीतलं पाणी घेतलंस. मी तुझ्या कोपरापाशी होते. तू हसून म्हणालीस, 'बघ, विसरले नाही मी. ही मी माझ्या हाताने नेणार हं, तू नको हात लावूस.' मी हात लावला नाही.

पहिलं भांडं तू पाद्री ब्रदर हॅस्केल यांच्यापुढे ठेवलंस. त्यांनी पाहिलं, चमचा बुडवला, पुन्हा पाहिलं, आणि चमचा ताटाबाहेर ठेवला. मग सिस्टर व्हर्नी. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी, दोन मुलगे त्याच आवारात पुरलेले. तुझ्या बाळासाठी गोधडी शिवून आणणारी या खोऱ्यातली ती एकटीच. तिने तुझ्याकडे वर पाहत विचारलं, 'मी काय वाकडं केलं गं पोरी तुझं?' तू तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, 'तुमच्यासाठी मुद्दाम केलीय, संकोच करू नका, भरपूर घ्या.' मागच्या टेबलावरून कुणी तरी फिस्सकन हसलं. मग तू ममापुढे वाढलंस, स्वतः, दोन पळ्या. ममाने नॅपकिनची घडी घातली आणि उभी राहिली. तिचा आवाज बारीक होता, पण आवारभर ऐकू गेला. 'माझं माझ्या घरात काही उरलं नाही, हे सूनबाईंनी आज चारचौघांत सांगितलं. आपल्या मेलेल्यांच्या देखत सांगितलं.' मग मधलं टेबल एकेक करून उठलं. ब्रदर हॅस्केलही उठले. सिस्टर व्हर्नीला दोघांनी धरून उठवावं लागलं, ती रडत होती.

तू माझ्याकडे पाहिलंस. माझ्या हातात कॉफीची किटली होती. तुझ्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता प्रश्न होता, की आर्लिटा, काय झालं, सांग ना यांना. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: तिला मी सांगितलं होतं. तेवढं बोलले असते तर सगळं तिथेच थांबलं असतं. मी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारलं, 'आणखी कॉफी?' आणि ओतली. डॉइल बुटांकडे बघत होता. दुपारी तुझी पेटी ओसरीवर होती. सहा महिन्यांचं पोट घेऊन तू बसमध्ये चढलीस तेव्हाही मला मिठी मारून हळूच म्हणालीस, 'मीठ जास्त पडलं का गं?' मी म्हणाले, 'थोडंसं.'

तर असं आहे ते. आता इथलं सांगते. यंदा फेब्रुवारीत ममाला झटका आला, उजवी बाजू गेली. जीभ शाबूत आहे. तिला उचलताना डाव्या काखेखाली हात घालावा लागतो आणि गुडघा खुर्चीला टेकवावा लागतो, नाहीतर आपली कंबर जाते. पहाटे साडेपाचला कॉफी लागते, सहाला न्याहारी. उशीर झाला की ती काठी भिंतीवर आपटते. मागची डावी शेगडी पेटायला वेळ घेते, वाकून बघू नये, भपकन पेटते. नवी गाय उजव्या बाजूने गेलं तर लाथ मारते. डॉइल लाकूड कापायच्या गिरणीत जातो आणि शनिवारी पितो. मारत नाही, नुसता दिवाणावर पडून असतो. अंथरुणं रोज बदलावी लागतात. ते तुला जड जाणार नाही, धोबीखान्यात रोज तेच करतेस. एमीलला पाहायची ममाला ओढ आहे हे खरं आहे. 'प्रुइटाचं पोर दलदलीत वाढतंय,' असं म्हणते. त्याचं फ्रेंच मात्र तिला चालणार नाही. त्याला अक्षरं तीच शिकवणार म्हणते, डावा हात चांगला आहे तिचा.

ती बदलली का, हे तू विचारलंस. जुलैत डॉइलने तुला लिहायला घेतलं तेव्हा मी तिला सरळ विचारलं, की ओडील आली तर तिच्याशी नीट वागशील ना? ममाने खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं विचार करते आहे. मग म्हणाली, 'येऊ दे की. विहिरीला अजून पाणी आहे.'

मला लिटल रॉकच्या परिचारिकांच्या शाळेत जागा मिळाली आहे, हे तुला मी कधी कळवलं नाही. पहिल्यांदा मिळाली ती दोन वर्षांपूर्वी. ममा म्हणाली, डॉइलचं कोण बघणार? दुसऱ्यांदा मिळाली गेल्या वर्षी. या वर्षी मोठ्या बाईंनी स्वतः लिहिलं आहे, की मिस प्रुइट, हे तिसरं आणि शेवटचं. सोमवारी हजर व्हायचं आहे. मी वीस वर्षांची आहे आणि माझ्या हातांना चरबीचा वास येतो, कितीही धुतले तरी. ममाला पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, 'जा की, मी कुठे धरून ठेवलंय? चुलीपाशी उभं राहायला दुसरी आण आणि जा.' तेव्हा कळलं की ती नुसतं बोलत नव्हती, रस्ता दाखवत होती. या घरातून बाहेर जायला एकच दार आहे, आणि त्यातून एक बाई आत आली तरच दुसरी बाहेर पडते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते मी तुला त्याच मंगळवारी पाठवलं आहे, चार ओळींत: ममा खरंच बदलली आहे, तुझी रोज आठवण काढते, शनिवारी ये, मी आहेच. ते वाचून तू लगेच नोकरीचा राजीनामा दिला असशील. तू तशीच आहेस. काल तुझी तार आली, शनिवारी संध्याकाळच्या बसने पोहोचते. माझी बस शनिवारी सकाळची. हे पत्र मी आज पूर्ण करते आहे, पण टपालात टाकणार आहे सोमवारी, लिटल रॉकला पोहोचल्यावर. पाकिटावर तुझा लुईझियानाचा पत्ता नाही. मिसेस डॉइल प्रुइट, टर्की क्रीक, असा आहे. तू हे वाचशील तेव्हा तुझी खोली दुसऱ्या कुणाला दिलेली असेल, आणि आतून काठी वाजत असेल. तुला खरं न सांगता राहणं मला जमलं नसतं, ओडील, मला तसं शिकवलेलंच नाही. खरं सांगायचं, एवढंच शिकवलं. वेळेवर सांगायचं, असं कुणी म्हणालं नव्हतं. आत जा. तिने बोलावलेलं ऐकू आलं नाही तर ती चिडते.

तुझीच,
आर्लिटा